पेठेतल्या व्यापारी संघटनेचे अध्यक्षपद : घ्यावे की नाही?

काउंटरमागचा :

मंडळी, सल्ला हवा आहे. उत्तर गोव्यातल्या एका जुन्या बाजारपेठेत आमचे भांड्यांचे दुकान आहे. आजोबांनी घातलेले, आता मी बघतो. गावाचे नाव मुद्दाम देत नाही. दिले तर उद्या सकाळी पेठेतले चारजण दुकानात येऊन बसतील आणि वर चहाही मलाच पाजावा लागेल.

आमच्याकडे व्यापारी संघटना आहे. म्हणजे फलक आहे, लेटरहेड आहे, रबरी शिक्का आहे. वर्षातून दोनदा ती जागी होते: एकदा चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी, आणि एकदा दिवाळीला नरकासुराचा पुतळा करणाऱ्या पोरांना कोणी किती वर्गणी द्यायची ते ठरवायला. सध्याचे अध्यक्ष कापडवाले, वय झाले, मुले पुण्याला. त्यांनी मला बोलावून सांगितले, "आता तू बघ." बाकीच्यांनी लगेच माना डोलावल्या. मी नाही म्हटले तर त्यांच्यापैकी कोणाच्या तरी गळ्यात पडणार, हे त्यांना ठाऊक आहे.

वही मागून घेतली. बँक खात्यावर तीन सह्या, त्यातले एक गृहस्थ वारले आहेत. जमाखर्च 2019 पर्यंत व्यवस्थित, सुंदर वळणदार अक्षरात. पुढे फक्त मंडप, चहा, हार आणि "इतर". सदस्यांच्या यादीत बंद पडलेली दुकाने अजून जिवंत आहेत आणि नवी मोबाईलची, बेकरीची, औषधांची दुकाने नाहीतच.

पण खरा पेच चवथीच्या बाजाराचा आहे. सणाआधीचे चार-पाच दिवस सत्तरीतून आणि आजूबाजूच्या वाड्यांवरून बायका माटोळीचे (गणपतीवर टांगायच्या रानफळांच्या सजावटीचे) सामान घेऊन येतात आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना, थेट आमच्या पायऱ्यांना टेकून बसतात. पुढच्या रांगेतल्या दुकानदारांचे म्हणणे, यंदा त्यांना बसस्थानकाजवळच्या मैदानात हलवा, दुकानात शिरायला वाट उरत नाही. मागच्या गल्लीतले म्हणतात, त्या हलल्या की गिऱ्हाईकही हलले. अध्यक्ष होणाऱ्याने पहिल्याच महिन्यात यावर पालिकेला पत्र द्यायचे आहे.

माझे दुकान पुढच्या रांगेत आहे. पद घ्यावे का? घेतले तर पत्रात काय लिहावे?

पिंपळकट्टा :

अभिनंदन करत नाही, सहानुभूती कळवतो. मडगावात असली दोन-तीन पदे भोगून झाली आहेत.

आधी हे सांगा, संघटना नोंदणीकृत आहे का? शिक्का असणे वेगळे. आपल्याकडे अशा संघटना बहुतेक 1860 च्या सोसायटीज रजिस्ट्रेशन ॲक्टखाली नोंदवतात. सात माणसे, उद्दिष्टांचे पत्रक, नियमावली, झाले. पण तेवढ्यावर भागत नाही. दरवर्षी वार्षिक सभेनंतर 14 दिवसांत कार्यकारिणीची यादी निबंधकाकडे द्यायची असते. ती कोणी देत नाही. मग कधीतरी पेठेत दोन गट पडतात, दोघेही त्याच नावाने पालिकेत निवेदन देतात आणि मुख्याधिकारी दोन्ही पत्रे एकाच फायलीत लावून हात झटकतो. त्याला तेच हवे असते. नोंदणी प्रमाणपत्र आणि शेवटची दाखल केलेली यादी हातात आल्याशिवाय होकार देऊ नका.

आणि नियमावली वाचा. अध्यक्षाची मुदत किती, गणपूर्ती किती, सभेची नोटीस किती दिवस आधी. बहुतेक ठिकाणी ती कोणीतरी दुसऱ्या संघटनेची उतरवून काढलेली असते. आमच्या एका नियमावलीत "गलबते व बंदर" असे उद्दिष्ट होते. आमचा बाजार मिरची-मसाल्याचा!

वहीखाते :

पिंपळकट्टा यांना अनुमोदन. मी हिशेब बघतो, तेवढ्यापुरते बोलतो.

खात्यावरच्या सह्या बदलायला बँक ठरावाची प्रत मागेल, सभेच्या इतिवृत्ताची प्रत मागेल, नव्या लोकांची ओळखपत्रे आणि वारलेल्यांचा दाखला मागेल. जुन्या दोघांच्या सह्या चालू आहेत तोवर हे उरकून घ्या. ते दोघे रुसले तर काम अडते, आणि रुसायला पेठेत कारण लागत नाही.

संघटनेचे स्वतःचे पॅन आहे का पाहा. नसेल तर कोणातरी खजिनदाराच्या खाजगी खात्यात पैसे फिरत असतात, ते आधी थांबवा. सदस्यांनी सदस्यांसाठी गोळा केलेल्या वर्गणीवर सहसा आयकर लागत नाही, पण बँकेतल्या मुदत ठेवीच्या व्याजावर लागतो. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये बंगळूरच्या एका क्लबच्या खटल्यात हे स्पष्ट केले. पुष्कळ संघटना "आम्ही ना नफा" म्हणत बसतात आणि मग नोटीस येते. जीएसटीचे भय नको. संघटनेने सदस्यांना दिलेली सेवाही आता करपात्र धरतात हे खरे, पण वर्षाला 20 लाखांची उलाढाल झाल्याशिवाय नोंदणीचा प्रश्न येत नाही. तुमची उलाढाल हार आणि चहाची आहे.

तिस्कावरून :

फोंड्याहून कटू बोल. व्यापारी संघटनेचा अध्यक्ष म्हणजे पुढच्या पालिका निवडणुकीतला उमेदवार. गोव्यात पालिकेची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर नसते, पॅनेले उभी राहतात. पॅनेलला पेठेतले ओळखीचे नाव लागतेच. माणूस आज गटाराबद्दल भांडतो, दोन वर्षांनी नगरसेवक होतो आणि मग त्याच गटारावरून उडी मारून जातो. तुम्ही तसे नसाल. पण पेठ तुमच्याकडे तसेच बघणार, एवढे गृहीत धरा.

अध्यक्षाने पद सोडल्यावर एक पूर्ण मुदत निवडणूक लढवायची नाही असा ठराव करून घ्या. पाहा किती हात वर होतात.

खाणपट्टा :

@तिस्कावरून, सगळेच तसे नसतात. आमच्या भागात खाणी बंद पडल्या तेव्हाची गोष्ट सांगतो. सप्टेंबर 2012 मध्ये राज्य सरकारने खाणकाम थांबवले, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. मध्ये थोडे सुरू झाले न झाले तोच फेब्रुवारी 2018 मध्ये न्यायालयाने 88 लिझांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चच्या मध्यावर ट्रक उभे राहिले ते कित्येक वर्षे उभेच. वर्तमानपत्रांत ट्रकमालक आणि कामगारांवर पुष्कळ छापून आले. पेठेचे काय झाले ते फारसे कोणी लिहिले नाही. टायरवाला, स्पेअर पार्टवाला, पहाटे उसळ-पाव देणारा, शनिवारी पगार झाला की साडी विकणारा, सगळे एका दोरीत बांधलेले होते. उधारीची वही जाड होत गेली आणि वसुलीला जायचे कुठे? ज्याच्याकडे बाकी त्याच्याच दारात बँकवाला बसलेला.

तेव्हा आमच्या संघटनेच्या अध्यक्षाने (किराणावाला, शाळा सातवी) एकच काम केले. ठोक व्यापाऱ्यांकडे चौघांना घेऊन स्वतः गेला आणि सगळ्या पेठेसाठी एकत्र मुदत वाढवून आणली. एकट्यादुकट्याला म्हापशाच्या ठोकवाल्याने उभे केले नसते. मोर्चे आम्हीही काढले, पण दुकाने वाचली ती त्या मुदतीने. हा माणूस कधी कुठल्या निवडणुकीला उभा राहिला नाही.

तिस्कावरून :

असा एखादा असतो. मान्य.

सत्तरीची :

काउंटरमागचा भाऊ, तुम्ही ज्यांना "हलवा" म्हणताय त्यांच्यातली मी एक. म्हणजे आई बसते, मी शाळेत शिकवते आणि सुट्टी काढून तिच्या मदतीला येते. थोडे आमच्या बाजूचेही ऐका.

माटोळीचे सामान शेतात पिकत नाही. कांगणे, कवंडळे, घागऱ्या रानात जाऊन आणाव्या लागतात. आधी आठवडाभर पावसात जळवा झाडत हिंडायचे. तोरिंग आणि चिबूड परसात, सुपारीचा घड कुळागरवाल्याकडून विकत. मग पोती भरून रात्रीच टेम्पो ठरवायचा, कारण पहाटेच्या बसमध्ये पोती घेत नाहीत. बाजारात पोचलो की काळोखातच जागा धरायची. वरून पाऊस, खाली गटाराचे पाणी, मध्ये एक निळे प्लास्टिक. कांगणे ओली झाली की काळी पडतात, गिऱ्हाईक हात लावत नाही, म्हणून आई ती पदराने पुसून पुसून वर मांडते. सणाच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत जे उरले ते तिथेच फेकून यायचे. परत नेऊन करायचे काय?

आता पैशांचे. पालिकेचा सोपो (बाजारात बसण्याचा कर) द्यावा लागतो, तो द्यायला आमची ना नाही. पण सोपोची पावणी (लिलाव) झालेली असते, ठेकेदाराचा माणूस येतो, पावती फाडतो, पावतीवर एक आकडा आणि हातात घेतो दुसरा. कधी पावतीवर आकडाच नसतो. विचारले तर म्हणतो, "बसपाचें आसा मगे?" आणि त्याच्यावर, भाऊ, ज्या पायरीला टेकून आम्ही बसतो त्या पायरीचेही भाडे काही दुकानदार घेतात. रस्ता पालिकेचा, पायरी त्यांची, बूड आमचे. एकदा एकाने रोख घेतले आणि वर घरच्या माटोळीसाठी निवडून निवडून सामानही नेले. तेच गृहस्थ सभेत उठून अतिक्रमणावर बोलले म्हणे.

मैदानात हलवा म्हणता. मैदानात चिखल आहे, दिवा नाही, आणि गिऱ्हाईक तिथे येते ते बस पकडायला. तिथे उभे राहून माटोळी कोण निवडणार?

काउंटरमागचा :

ताई, पायरीच्या भाड्याचे आमच्या पेठेतही ऐकून आहे. आमच्या दुकानात घेत नाहीत, पण शेजारी घेतात आणि ते माझ्या ओळखीचे आहेत. पदावर बसलो तर पहिला वाकडेपणा तिथेच येणार हे दिसते आहे.

सोपोचे दर पालिकेने फलकावर लावायचे असतात ना?

पिंपळकट्टा :

लावायचे असतात. फलक असतो, पण बहुधा मंडपाच्या मागे. संघटनेने करण्यासारखे काम हेच आहे. दराची अधिकृत यादी पालिकेकडून लेखी मागा, मिळाली नाही तर माहिती अधिकारात मागा, आणि स्वतःच्या खर्चाने मोठ्या अक्षरांत तीन ठिकाणी लावा. ठेकेदार चिडेल. चिडू दे.

बाजारकायदा :

थोडे कायद्याचे, कारण "हलवा" हा शब्द वाटतो तितका सोपा नाही. 2014 चा पथविक्रेता कायदा पालिका क्षेत्राला लागू आहे. त्यात सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत विक्रेत्यांना उठवता येत नाही. पुढेही हलवायचे तर 30 दिवसांची नोटीस लागते. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले, त्यांत एकतृतीयांश बायका. आणि हे बहुतेक दुकानदारांना माहीत नसते: त्याच समितीत व्यापारी आणि बाजार संघटनांचे प्रतिनिधीही नेमायचे असतात. म्हणजे पत्र कशाला, तुम्हाला त्यांच्यासोबत एकाच टेबलावर बसायची सोय कायद्यानेच केली आहे. तुमच्या पालिकेत समिती झाली आहे का ते विचारा. झाली असेल तर संघटनेतर्फे कोण बसतो ते विचारा. मला वाटते उत्तर ऐकून करमणूक होईल.

याच कायद्याच्या परिशिष्टात आणखी एक आहे. पन्नास वर्षांहून जुना नैसर्गिक (म्हणजे रूढीने भरत आलेला) बाजार असेल तर तो वारसा बाजार म्हणून जाहीर करावा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये.

तिस्कावरून :

वर्षातून पाच दिवस भरणारा बाजार यात बसतो का? ठेकेदाराचा वकील हेच विचारणार.

बाजारकायदा :

विचारेल, आणि त्यावर वाद घालता येईल. पण ज्या पालिकेने पन्नास वर्षे त्याच जागेचा सोपो घेतला तिला "इथे बाजार नव्हताच" असे म्हणणे जड जाईल. पालिकेच्या पावणीच्या जुन्या फायली हाच पुरावा. राज्याचे कला आणि संस्कृती संचालनालय माटोळी सजावटीची स्पर्धा घेते, बक्षिसे देते. ते सामान विकणाऱ्या बाईला मात्र बसायला जागा नाही. हे पत्रात लिहिण्यासारखे आहे.

शुक्रवारकर :

म्हापशाचा आहे, राहवत नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे शुक्रवारी बार्देश, पेडणे, डिचोलीतून माणूस येतो तो दुकानांसाठी येत नाही. तो येतो जमिनीवर बसलेल्या बायकांकडून भाजी, सुकी मासळी, मडकी, चोरीस, फुले घ्यायला. मे महिन्यात पुरुमेंताला (पावसाळ्याच्या बेगमीला) येतो, मिरची आणि सोलां घेतो, आणि मग हातात पिशवी आहेच तर आमच्या दुकानातून प्रेशर कुकरची रिंग घेऊन जातो. माझ्या दुकानाची आठवड्याची विक्री बघाल तर शुक्रवार एका बाजूला आणि बाकीचे दिवस दुसऱ्या बाजूला. हे माझ्या वडिलांना न सांगता कळत होते. पोरगा मात्र फूटपाथवर टाइल्स बसवून "क्लीन मार्केट" करू म्हणतो.

भांड्यांचे दुकान ना तुमचे? चवथीला समया, तांब्या, ताम्हन कोण घेते? माटोळीला आलेलाच ना?

काउंटरमागचा :

तोच घेतो. खोटे कशाला बोलू. पण वाटेचा त्रासही खरा आहे. गेल्या चवथीला एक म्हातारी आमच्या पायरीशी नारळांच्या घोसात पाय अडकून पडली. दुकान माझे, म्हणून लोक माझ्यावरच ओरडले.

मोपापाशी :

आमच्या पेडण्यात उलटा प्रकार. हमरस्ता गावाबाहेरून गेला, जानेवारी 2023 मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाला, सगळे म्हणाले पेठेचे नशीब उघडले. गाड्या हमरस्त्यावरून सुसाट जातात, पेठेत कोणी वळत नाही. गुरुवारच्या बाजाराला जी गावठी भाजी येते तेवढ्यापुरता माणूस दिसतो. तुमच्याकडे माणसे येतात हा त्रास वाटतो तुम्हाला? आमच्याकडे पाठवा.

गाळाधारक :

सगळे पायरीवर आणि रस्त्यावर बोलताहेत, संघटनेच्या आतले कोणी बोलत नाही. सदस्य कोण? पालिकेच्या मार्केटात गाळा एकाच्या नावावर, चालवतो दुसरा, आणि काही ठिकाणी दुसऱ्याने तिसऱ्याला दिलेला. गाळ्याचा मूळ मालक घरी बसून पालिकेला जुने भाडे भरतो आणि त्याच्या कितीतरी पट भाडे घेतो. सभेला मत द्यायला तो येतो. सकाळी शटर उघडून रात्री बंद करणारा राजस्थानचा किंवा बेळगावचा पोरगा बाहेर उभा. पाणी तुंबले तर माल त्याचा भिजतो, मत मात्र मालकाचे.

अस्सल_गोंयकार :

त्यांना मत दिले तर उद्या संघटनाच त्यांची होईल. आमची पेठ आमच्या हातातून आधीच गेलीय. [या प्रतिसादाचा उरलेला भाग काढला आहे. समाजाच्या नावाने सरसकट बोलू नये. – धागा संपादक]

गाळाधारक :

पेठ हातातून गेली कारण आपण गाळे भाड्याने दिले. भाडे घेताना कोणी गावाचे नाव विचारत नाही.

वहीखाते :

मतदाराचा प्रश्न सोडवता येतो. सदस्यत्व दुकानाला द्या, म्हणजे ज्याच्या नावावर ट्रेड लायसन्स आहे किंवा दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणी आहे त्याला. गाळ्याच्या मालकाला नको. एक दुकान, एक मत. आणि उपसदस्य म्हणून नियमित बसणाऱ्या विक्रेत्यांना घ्या, कमी शुल्कात. नियमावलीत दुरुस्ती लागेल, ती सर्वसाधारण सभेत रीतसर नोटीस देऊनच.

अडचण एकच. पोटभाडेकरूकडे लायसन्स नसतेच. ते काढायला गेला तर पोटभाडे उघड होते. म्हणून मूळ गाळेधारक या दुरुस्तीला विरोध करणार, कारण सांगणार भलतेच.

सप्ताहवाला :

वास्कोचे एक सांगू का? आमच्याकडे दामोदर भजनी सप्ताह असतो, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी साथ आली तेव्हा लोकांनी जांबावलीला जाऊन दामोदराचा नारळ आणला आणि अखंड चोवीस तास भजन केले, तेव्हापासूनचा. बघण्यासारखे म्हणजे यात पेठ धंद्यांनुसार वाटलेली आहे. बाजारकर समाजाचा पार (भजनाची मिरवणूक), गाडेकारांचा, नाभिकांचा, सोनारांचा. प्रत्येक समाज आपापली वर्गणी काढतो, आपले भजनी कलाकार आणतो, पार मिरवत आणतो. शंभराहून अधिक वर्षे चालले आहे आणि कोणाकडे रबरी शिक्का नाही.

आणि त्याच वेळी रस्त्यावर फेरी (जत्रेचा बाजार) भरते, बाहेरचे विक्रेते येतात, आणि ती किती दिवस ठेवायची यावरून दरवर्षी वास्कोतले दुकानदार कुरकुरतात. म्हणजे भजनाला एक, गल्ल्याला वेगळे. पणजीच्या अष्टमीच्या फेरीतही हेच ऐकू येते.

पिंपळकट्टा :

शिक्का नसून चालते कारण देवाचे पैसे खायला लोक घाबरतात. संघटनेचे खायला घाबरत नाहीत.

घाटावरून_पणजीत :

एक बाजूची शंका. गोवा चेंबर ऑफ कॉमर्स अशा पेठांच्या संघटनांना काही मदत करते का? जुनी संस्था आहे म्हणतात.

बाजारकायदा :

जुनी म्हणजे 1908 ची, पोर्तुगीज काळातली 'असोसियासाँव कोमेर्सियाल'. उद्योग, बंदर, खाणी, पर्यटन या पातळीवर तिचे वजन आहे. तुमच्या गल्लीच्या गटारासाठी ती येणार नाही, यावीही कशाला. पण राज्यपातळीचा प्रश्न असेल तर पेठेच्या संघटनेने तिथे पत्र द्यायला हरकत नाही.

साडीकाउंटर :

मी कापड दुकानात विक्रीला आहे, अकरा तास उभी. इतका वेळ वाचतेय, कोणी एका गोष्टीबद्दल बोलत नाही म्हणून खाते काढून लिहिते. शौचालय. आमच्या पेठेत पालिकेचे आहे, त्याला कुलूप. किल्ली मार्केट इन्स्पेक्टरकडे, इन्स्पेक्टर दुपारी नसतो. आम्ही मुली सकाळी पाणी पीत नाही. चवथीच्या बाजारात रानातून आलेल्या बायका रात्रभर बसतात, त्या कुठे जातात ते विचारूच नका. दुकानदार घरी जाऊन येतात, त्यांचे घर मागेच असते. आमच्या संघटनेची पाच वर्षांतली सगळी पत्रे पार्किंगवर आहेत.

सत्तरीची :

बाई, तू लिहिलेस ते बरे केलेस. आई पहाटेपासून चहा घेत नाही याच कारणाने.

शुक्रवारकर :

हे खरेच कधी सुचले नाही. आमच्या दुकानात दोन मुली आहेत. उद्या विचारतो.

काउंटरमागचा :

सगळे वाचले, काही प्रतिसाद दोनदा. काल अध्यक्षांकडे जाऊन आलो. नोंदणी प्रमाणपत्र निघाले, कपाटात लक्ष्मीच्या फोटोमागे. शेवटची यादी दाखल केल्याची पोच कुठेच नाही. पद घेतो म्हणालो, पण बिनविरोध नको, सर्वसाधारण सभा बोलवा आणि मतदान घ्या. त्यांना ते आवडले नाही. म्हणाले, आजवर कधी मतदान झालेले नाही, माणसे दुखावतात.

पत्राबद्दल माझे ठरले आहे. हलवा असे लिहिणार नाही. रस्त्याच्या एकाच कडेला बसू द्या, दुसरी कडा चालायला मोकळी. दर चार दुकानांमागे एक वाट, चुन्याने रेघ मारून. सोपोचा दर फलकावर. शौचालयाची किल्ली त्या पाच दिवसांत संघटनेकडे, सफाईचा खर्च संघटना करील. ओला कचरा रात्री उचलायला गाडी, कारण सणाच्या आदल्या रात्री उरलेले सगळे गटारात जाते आणि मग आमच्याच दुकानात पाणी शिरते. आणि पायरीचे भाडे घेणाऱ्याचे सदस्यत्व रद्द, हे पत्रात नाही, पण सभेच्या विषयपत्रिकेत टाकतो आहे. यावर पडलो तर पडलो. पुढच्या रांगेतून मला तीन मते मिळतील असे धरून चाललो आहे, त्यात एक माझे.

तिस्कावरून :

मागची गल्ली मोजलीत का? ती दुकाने रांगेपेक्षा जास्त असतात बहुतेक ठिकाणी.

काउंटरमागचा :

मोजली. म्हणूनच मतदान मागितले. :)

सत्तरीची :

एकाच कडेला बसायचे तर जागा निम्मी होणार. कोणाला मिळणार आणि कोणाला नाही ते कोण ठरवणार? ठेकेदार ठरवणार असेल तर नको. दरवर्षी येणाऱ्यांची यादी आमच्याकडे तोंडी आहे, कोण कुठे बसते ते आईला पाठ आहे. सभेला आम्हालाही बोलवा, मत नको, फक्त बोलू द्या.

काउंटरमागचा :

बोलावतो. तुमच्या गावातून दोघीतिघी या. यादी तुमचीच धरू, पण जागा निम्मी झाली तर काहींना मागच्या गल्लीत यावे लागेल. मागच्या गल्लीतल्यांना हवेच आहे ते. तिथे दिवा लावून घेतो.

सत्तरीची :

मागच्या गल्लीला यायला आमच्यातल्या कोणी राजी होतील असे आत्ताच सांगत नाही. आईला विचारते.

वहीखाते :

सभेच्या नोटिशीत विषय एकेक करून लिहा. "आयत्या वेळचे विषय" यात भाड्याचा ठराव घातलात तर तो दुसऱ्या दिवशी कोणीही आव्हान देऊन पाडेल. आणि सह्या बदलण्याचा ठराव त्याच सभेत वेगळा घ्या. बँकेला प्रत देताना त्यावर मावळत्या अध्यक्षांची सही लागेल, ते रुसून घरी जाण्याआधी घ्या.